रात्रभर झोपणारं बाळ

नीरजा सिस्टरांच्या वॉर्डात नातेवाईक आवाज खाली करून आणि हातातली पिशवी पाठीमागे लपवून येत. पिशवीत सफरचंदं असत, फार तर विणलेलं टोपडं. पण सिस्टर समोर आल्या की माणसाला आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटायचंच. डोंबिवली पूर्वेच्या त्या प्रसूतिगृहात त्या इतकी वर्षं होत्या, की ज्या मुलींना जन्मल्यावर पहिल्यांदा त्यांनी पुसून घेतलं होतं त्या आता स्वतः बाळंत व्हायला यायच्या आणि पुन्हा ओरडा खायच्या. बाई मायाळू होत्या, यात शंका नाही. फक्त त्यांची माया आधी ओरडून घ्यायची आणि मग जवळ घ्यायची.

"ठाण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे," मेट्रन म्हणाल्या. "आया आणि मुलांमधलं दारू-तंबाखूचं प्रमाण. ओळखायचं कसं, विचारायचं कसं."

"आपल्याकडे कुठे आलीय दारू?" नीरजाबाई म्हणाल्या. "आपल्या बायका वरणभात खाणाऱ्या, ऑफिसात जाणाऱ्या. ते सगळं तिकडे, मानपाड्याच्या पुढे, कंपन्यांच्या बाजूला. तिकडच्या नर्सेसना पाठवा."

"तिकडच्याही येणारेत. आपल्याकडून तुम्ही आणि अक्षदा."

अक्षदा म्हणजे वर्षभरापूर्वी लागलेली कोपरची मुलगी. तिच्याकडे स्कूटर होती आणि सिस्टरांची भीती होती. दोन्ही गोष्टी ती रोज कामावर घेऊन यायची. माणकोलीच्या पुलावरून ठाणं तसं हाताशी आलं होतं. नीरजाबाई मागे बसल्या आणि पूर्ण रस्ताभर "हळू घे", "आरसा बघ", "तो डंपर बघ" असं म्हणत राहिल्या. ठाण्याला पोचेपर्यंत अक्षदाचा खांदा त्यांच्या बोटांनी लाल झाला होता.

हॉल एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवणाऱ्या दर्शना मॅडम पस्तिशीच्या असतील. आधी नर्स होत्या, मग समुपदेशनाकडे वळलेल्या. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, पडद्यावर काही दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "घरात कोणी दारू घेतं?"

दोन-तीन हात अर्धवट वर आले आणि केस सारखे करून खाली गेले.

"बरं. लहानपणी सर्दी-खोकल्याला ब्रँडी कोणाकोणाला दिली होती?"

शाळेत सहलीला कोण येणार विचारल्यावर जसे हात वर होतात तसे झाले. "मला चमच्यातून!" "आमच्यात बाळंतिणीला पण देतात, वात होऊ नये म्हणून." "छातीला चोळायचे आणि उरलेली पाजायचे!" नीरजाबाईंचाही हात वर होता.

"मघाशी तर तुमच्या घरात दारू नव्हती," दर्शना म्हणाली.

हशा पिकला. नीरजाबाई उभ्या राहिल्या. "मॅडम, ब्रँडी औषधात धरतात."

"कोण धरतं, सिस्टर?"

"सगळेच."

"बरोबर आहे. माझी आजी, भीमाबाई, आंबिवलीला असते. ती तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. मशेरी. मी नर्सिंगला गेल्यावर मोठ्या तोऱ्यात तिला विचारलं, आजी, तू तंबाखू खातेस? तर म्हणाली, मी काय गडीमाणूस आहे का गं? खोटं नव्हती बोलत हां. तिच्या लेखी ते दंतमंजन होतं. माझी आई आणि दोन मामा पोटात होते तेव्हाही ती ते लावत होती, आणि तपासायला आलेल्या एकाही बाईने तिला मशेरीचं विचारलं नाही."

मग सराव झाला. अक्षदाने गरोदर बाई व्हायचं आणि सिस्टरांनी विचारायचं. सिस्टरांनी पदर खोचला.

"काय गं, तू दारू-तंबाखू असलं काही नाही ना करत? करत असशील तर आत्ताच सांगून ठेवते, मुलाचं वाटोळं होईल!"

"नाही नाही सिस्टर, शपथ," अक्षदा खरोखरच घाबरून म्हणाली.

"यात मला 'हो' म्हणायचं झालं तर जागा कुठे आहे?" दर्शनाने विचारलं. "विचारा, आणि मग तोंड मिटून बसा. समोरचीला बोलायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्याला सोसत नाही. मलाही नाही सोसत."

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि पोरांबाळांच्या गोष्टी निघाल्या. एकीची मुलगी वर्षाची झाली तरी रात्री उठते, एकीचा मुलगा पहाटे गोंधळ घालतो. नीरजाबाईंनी लोणच्याची फोड बाजूला सारून सांगितलं, "आमचा साकेत चार महिन्यांचा आहे. माझा नातू. संध्याकाळी झोपतो तो थेट सकाळी. रात्री हूं नाही की चूं नाही."

"काय सांगता!"

"माझ्या सासूबाई झोपवतात. ऐंशीच्या आहेत. हाताला गुण आहे त्यांच्या."

सगळ्यांनी कौतुक केलं. दर्शना मात्र काही बोलली नाही. तिने पोळीचा घास तोडला, नीरजाबाईंकडे पाहिलं, आणि थांबली. एवढंच. पण सकाळपासून ती थांबणं शिकवत होती, त्यामुळे ते थांबणं नीरजाबाईंना लागलं.

दुपारी ती तान्ह्या बाळांबद्दल बोलली. थोडी दारूसुद्धा पोटात गेली की रक्तातली साखर उतरते, श्वास मंद होतो, बाळाला भुकेची जाग येत नाही. मग वजन वाढत नाही, आणि घरचे म्हणतात, किती शांत आहे. यातलं प्रत्येक वाक्य नीरजाबाईंना पाठ होतं. त्यांनी ते दुसऱ्यांच्या बाळांसाठी पाठ केलं होतं. परतताना पुलावर त्या एकदाही "हळू घे" म्हणाल्या नाहीत, तेव्हा अक्षदाने घाबरून स्वतःच वेग कमी केला.

साकेतचं वजन गेल्या महिन्यात थोडं कमी भरलं होतं. "आमच्याकडची मुलं चणीने बारीकच," असं तेव्हा नीरजाबाईच म्हणाल्या होत्या.

घरी सुमतीबाई बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर साकेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बसणं अजूनही ताठ. शेजारी सहाण. 'सहा महिने फक्त आईचं दूध' असा फलक नीरजाबाईंनी स्वतःच्या हाताने वॉर्डात चिकटवला होता, आणि घरात सासूबाई रोज संध्याकाळी गुटी उगाळायच्या. सासूबाईंना कोण सांगणार? नीरजाबाईंची ड्यूटी त्या वेळी असायची, हे एक बरं होतं.

ब्रँडीची बाटली फडताळात, हिंगाष्टक आणि वेखंडाच्या मध्ये, उजळ माथ्याने उभी असायची. ती बाळाच्या छातीला चोळायला. स्वानंद, म्हणजे नीरजाबाईंचा मुलगा, दर शनिवारी पुण्याहून यायचा तेव्हा आजीचं औषध म्हणून तोच आणायचा. सून वल्लरीने कित्येकदा ती बाजूला सारून हिंगाची डबी काढली होती.

"आई," नीरजाबाई पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुम्ही त्याला गुटीतून ब्रँडी-बिंडी काही देत नाही ना?"

"छे गं!" सुमतीबाई म्हणाल्या. "वेडी की काय तू?"

"नाही, आपलं विचारलं. फार वाईट असतं ते."

"मला कळतं हो."

नीरजाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. टीव्हीसमोरून त्यांचे यजमान विश्रामराव म्हणाले, "मलाही दिलीच होती की आईने. झालं का मला काही?" नीरजाबाई हातपाय धुवायला आत गेल्या.

सकाळी ओवा काढायला फडताळ उघडलं तर हिंगाष्टक होतं, वेखंड होतं, आणि मध्ये पसरलेल्या वर्तमानपत्रावर बाटलीच्या बुडाचा गोल डाग होता. बाटली नव्हती.

नीरजाबाई ओव्याची बरणी हातात धरून उभ्या राहिल्या. कालपर्यंत ती बाटली उघड्यावर होती. आपण विचारलं, आणि ती लपली. आता ती कुठे असेल आणि किती वेळा बाहेर येईल हे कोणालाच कळणार नव्हतं. वॉर्डात आपण विचारलेल्या किती बायकांच्या घरी अशा बाटल्या आणि डब्या माळ्यावर गेल्या असतील, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण तो नंतरसाठी ठेवला. आधी त्यांनी बाहेरच्या खोलीतला पाळणा गाठला, साकेतच्या तळव्याला टिचकी मारली, तो कुरकुरला तेव्हा त्यांचा स्वतःचा श्वास सुरू झाला.

"वल्लरी, चल गं. ह्याचं वजन करून येऊ. पाजून घे आधी."

"आत्ता? आई, माझी मीटिंग आहे दहाला."

"दहाच्या आत येऊ."

प्रसूतिगृहातल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासलं, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. वल्लरी बाळाला झबलं घालत असताना नीरजाबाईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत त्या डॉक्टरांशी एवढ्या हळू आवाजात कधी बोलल्या नव्हत्या.

"आत्ता सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "वजन मागे आहे, ते दूध नीट मिळालं की भरून येईल. दर आठवड्याला आणा. आणि ते आजपासून बंद, गुटीसकट. आईला माहितीये?"

"सांगते."

"आज सांगा, सिस्टर. संध्याकाळच्या आत."

वल्लरीला नीरजाबाई एवढंच म्हणाल्या, की बाळ आज दिवसभर तुझ्याजवळच राहू दे, गुटीही नको, डॉक्टरांनी अंगावरच पाजायला सांगितलंय. बाकीचं ओठांवर येऊन परत गेलं. वल्लरीला हे कळलं तर ती बाळ उचलून कल्याणला माहेरी जाईल, आणि तिचं काही चुकणार नाही. मग सुमतीबाई? ऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या घरात, ज्या पणतूसाठी त्यांनी जुन्या साड्यांच्या दुपट्यांचा ढीग शिवला त्याला कोणी त्यांच्या हाती देणार नाही. आणि नीरजाबाई ओरडल्या, तर सुमतीबाई ताठ मानेने "छे गं" म्हणतील, आणि बाटली कुठल्यातरी ट्रंकेत तशीच राहील.

ठाण्याला पोचायला उशीर झाला. दुपारच्या सरावात दर्शना आजी झाली होती. खुर्चीत वाकून, कापऱ्या आवाजात म्हणत होती, "नाही हो बाई, मी कशाला काय देऊ बाळाला..."

"अशी नसते आजी," नीरजाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "अशी घाबरत नाही ती."

"मग कशी असते? या बसा. दाखवा."

नीरजाबाई खुर्चीत बसल्या. आधी पाठ ताठ केली. मग नसलेला चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्याच्या वरून वर्गाकडे पाहिलं. हॉलमधली कुजबुज बंद झाली.

पहिली नर्स पुढे आली. "आजी, बाळाला गुटी देता का?"

"तुझं माहेर कुठलं गं?"

"माझं... चिपळूण."

"तिकडे आजीशी असं उभ्याउभ्या बोलतात का?"

वर्ग हसून हसून पडला. दुसरी आली. "आजी, गुटीत ब्रँडी घालता?"

"तू डॉक्टर का नर्स? नर्स ना? मग डॉक्टरांना बोलव, त्यांना सांगेन."

तिसरी अक्षदा. ती समोरच्या खुर्चीवर बसली, आणि तिला घरून पाठ करून आणलेलं काहीच आठवेना. तिने सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "रात्री तुमची झोप होते का?"

आणि पुढचं काय विचारायचं ते आठवेना म्हणून ती गप्प राहिली.

नीरजाबाईंच्या जिभेवर टोमणा तयार होता. पण निघालं भलतंच, आणि निघालं ते सुमतीबाईंच्याच आवाजात. "मी झोपले काय आणि जागी राहिले काय, कोण विचारतंय? ती पोरगी झोपली पाहिजे. तिचे डोळे बघितलेस?"

त्या थांबल्या. हे वाक्य कुठून आलं? सुमतीबाई असं कधी म्हणाल्या नव्हत्या. पण पाळणा वल्लरीच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत कधी आला, कोणी आणला, हे नीरजाबाईंनी कधी विचारलंही नव्हतं. बाळ रात्रभर झोपतं एवढंच त्यांनी पाहिलं, आणि ते त्या गावभर सांगत सुटल्या.

वर्गाला वाटलं, काय अभिनय करतात सिस्टर. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी दर्शना त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. काही विचारलं नाही. नीरजाबाईंनी सगळं सांगून टाकलं, बाटलीच्या डागापर्यंत.

"बाळाला दाखवलंत, ते सगळ्यात आधी केलंत. चांगलं केलंत," दर्शना म्हणाली. "आता काय विचारायचं तेही तुम्हाला कळलंय."

"विचारेन हो. पण नंतर गप्प कशी बसू? मला माहितीये मी कशी आहे."

दर्शनाने पर्समधून एक वेलदोडा काढला. "जिभेखाली ठेवा. माझ्या आजीने मशेरी सोडली ना, तेव्हा तिला मी हे दिलेलं, तोंडात काहीतरी हवं म्हणून. ती सुटली, आणि सवय मला लागली. तोंडात वेलदोडा असला की माझं भाषण जरा उशिरा सुरू होतं."

संध्याकाळी सुमतीबाई बाल्कनीत मेथी निवडत होत्या. पाळणा रिकामा होता. आतल्या खोलीतून वल्लरीचा आवाज आणि मध्येच बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"आज बाळ कोणी दिलं नाही माझ्याकडे," सुमतीबाई मेथीकडे पाहत म्हणाल्या.

नीरजाबाई खाली बसल्या. एक जुडी आपल्याकडे ओढली. वेलदोडा जिभेखाली सरकवला.

"आई, रात्री तुम्हाला झोप लागते का?"

सुमतीबाईंचे हात चालत राहिले. पानं एकीकडे, देठ एकीकडे. समोरच्या इमारतीत कोणाच्या तरी कुकरने शिट्टी दिली, मग दुसरी. खाली कोणीतरी कोणाला तरी गाडी नीट लावायला सांगत होतं. नीरजाबाईंच्या तोंडात निदान चार वाक्यं गोळा झाली; त्या वेलदोडा चावत राहिल्या.

"विश्राम झाला तेव्हा आम्ही कोपरला राहायचो," सुमतीबाई म्हणाल्या. "दोन खोल्या. हा रात्रभर रडायचा आणि सकाळी माझी शाळा. मी फळ्याकडे तोंड करून उभ्याउभ्या झोपायचे. मुलांना वाटायचं बाई गणित आठवतायत." त्या जरा हसल्या. "एकदा त्याला खाटेवर आपटणार होते मी. हात वर गेलेला. सासूबाईंनी तो हात पाहिला. एक अक्षर बोलल्या नाहीत. ब्रँडीत बोट बुडवलं आणि त्याच्या तोंडात दिलं. त्या रात्री आम्ही दोघं झोपलो. मला त्या दिवशी सासूबाई देवासारख्या वाटल्या."

नीरजाबाईंनी देठ मोडला. पानं कुठे टाकायची ते त्यांना कळेना.

"तुझी सून बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तुला माहितीये? तू ड्यूटीवर असतेस. स्वानंद शनिवारी येतो, फोटो काढतो आणि जातो. मी म्हटलं, पाळणा बाहेर आणा. पण माझ्याच्याने रात्रभर याला फिरवणं होत नाही गं आता. गुडघे नाही म्हणतात. मग गुटीत थोडी घालायचे. माझ्याकडे तेवढंच होतं." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "काल तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. त्याला काही झालं का?"

ओरडणं सोपं होतं. "काही नाही झालं हो," असं म्हणणं त्याहून सोपं. नीरजाबाईंनी दोन्ही केलं नाही.

"सकाळी डॉक्टरांनी तपासलं. आत्ता ठीक आहे. पण वजन वाढलेलं नाही, कारण भुकेने उठतच नव्हता तो. असंच चाललं असतं तर झोपेत श्वास अडकला असता, आई. पुन्हा एक थेंबही नाही. चोळायलाही नाही."

सुमतीबाईंचा हात मेथीत तसाच राहिला. "तांदळाच्या डब्यात आहे," त्या म्हणाल्या. " काढून घे." आणि मग उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून, "वल्लरीला मी सांगते. तू नको. तू ओरडशील."

"तिला कशाला ओरडेन मी?"

"सवय."

सुमतीबाई आत गेल्या आणि वल्लरीच्या खोलीचं दार बंद झालं. नीरजाबाई स्वयंपाकघरात मेथी धूत राहिल्या. तीन पाण्यांनी धुवायची ती सहा पाण्यांनी धुतली. आतून आधी सुमतीबाईंचा आवाज, मग काहीच नाही, मग वल्लरीचा चढलेला आवाज, मग पुन्हा काही नाही. विश्रामरावांनी टीव्ही बंद केला होता. त्या घरात हे सहसा होत नसे.

वल्लरी बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात साकेत होता आणि दुसऱ्या हातात फोन.

"मी कल्याणला फोन लावणार होते, आई. बाबांना गाडी घेऊन या म्हणणार होते."

नीरजाबाईंनी मान हलवली.

"चार महिने झाले. सगळे विचारतात, बाळ झोपलं का, बाळ प्यायलं का. आजी आत येऊन मला काय म्हणाल्या माहितीये? मी खूप मोठी चूक केली, आणि तू रडतेस ते मला ऐकू येतं." तिने साकेतला आणखी जवळ धरलं. "मला ऑलरेडी वाटत होतं की मीच कुठेतरी कमी पडतेय. तो रात्री प्यायला उठत नव्हता, मला वाटायचं त्याला मी नकोच आहे. मला राग आलाय. खूप."

"येऊ दे राग," नीरजाबाई म्हणाल्या. वेलदोडा कधीच चावून झाला होता, पण जीभ अजून जागेवर होती. "जायचं असेल तर मी येते सोडायला. आणि त्या रडण्याचंही बघू. दर्शना मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाऊ दोघी. बाळंतपणानंतर होतं असं. मी शंभर जणींना सांगते ते. तुला नाही सांगितलं."

वल्लरीने फोन बघितला, बाळ बघितलं. साकेतने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं.

"आज नको. आज रात्र बघते. मग ठरवते."

त्या रात्री घराने बाळाच्या आवाजाची ओळख करून घेतली. साकेत उठला, प्यायला, रडला, पुन्हा प्यायला, आणि मग नुसताच, उरलेला हिशेब चुकता करावा तसा रडला. पाळणा वल्लरीच्या खोलीत परत गेला होता. पाजणं तिच्याकडे, फिरवणं आळीपाळीने नीरजाबाई आणि विश्रामरावांकडे. विश्रामरावांनी बाळाला खांद्यावर घेऊन हॉलच्या इतक्या चकरा मारल्या, की डॉक्टर त्यांना कित्येक वर्षं सांगत होते तेवढं चालणं एका रात्रीत झालं. वरच्या मजल्यावरच्यांनी सकाळी जिन्यात विचारलं, "बाळाला बरं नाही का हो? रडताना कधी ऐकलं नव्हतं."

"एकदम बरं आहे," नीरजाबाईंनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्याला निघताना त्यांनी बाटली कापडी पिशवीत घातली. माणकोलीच्या पुलावर अक्षदाने विचारलं, "सिस्टर, पिशवीत काय वाजतंय?"

"ब्रँडी."

स्कूटर किंचित हलली. अक्षदाने पुढे काही विचारलं नाही. गप्प बसण्यात ती सगळ्या वर्गात हुशार निघाली होती.

"काल घरी जाऊन कोणी कोणाला विचारलं?" दर्शनाने वर्गाला म्हटलं.

नीरजाबाई उठल्या. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ज्यांनी परवा मोठ्याने हात वर केले होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहू लागल्या.

"परवा मी तुम्हाला सांगितलं, आमचं बाळ रात्रभर झोपतं," त्या म्हणाल्या. "काल रात्री ते रात्रभर रडलं."

आणि मग सगळं सांगितलं. डागाचं, मेथीचं, फळ्याकडे तोंड करून झोपणाऱ्या मास्तरीणबाईंचं. खाटेपाशी वर गेलेल्या त्या हाताचं मात्र सांगितलं नाही. ते सुमतीबाईंचं होतं. एक जण डोळे पुसत म्हणाली, "माझ्या जावेकडे पण आहे हो बाटली. मीच दिलेली."

सांगून होतंय तोच त्यांचा फोन वाजला. विश्रामराव. मागे साकेतचा सूर असा लागला होता की फोन कानापासून दूर धरला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जावा.

"अगं, वल्लरी अंघोळीला गेलीय आणि हा थांबत नाहीये! काय करू?"

"भूक लागलीय!" "ढेकर काढा!" "लंगोट बघा!" "पोटावर झोपवू नका हां!" सगळा हॉल एकदम फोनवर तुटून पडला. दर्शनाने कपाळाला हात लावला.

"तीन दिवस काय शिकवलं मी? आधी विचारा!"

सगळ्या ओशाळून गप्प झाल्या. त्या शांततेत अक्षदा फोनकडे वाकली.

"काका, रात्री तुमची झोप झाली का?"

पलीकडे विश्रामराव थांबले. हा प्रश्न त्यांना बहुधा आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

"नाही ना हो," ते म्हणाले. "कोणाचीच नाही झाली. फक्त आई झोपलीय. रात्री कानात कापूस घालून आडवी झाली ती अजून उठली नाही. घोरतेय."

साकेत रडतच होता. नीरजाबाईंनी फोन पुन्हा कानाशी धरला आणि त्या रडण्याच्या मागे दुसरा एक आवाज येतोय का, ते ऐकत उभ्या राहिल्या.